गार पाण्याचा जावई

“जावईबापू, आजच्या दिवशी गार पाण्यानं आंघोळ केली तर सरळ नरकात जाल,” काकू म्हणाली, आणि न्हाणीच्या दाराशी जमलेल्या बायका खो खो हसल्या.

माझा नवरा पाटावर बसला होता. अंगाला तेल-उटणं लावून झालं होतं. लग्नानंतरचा आमचा पहिला दिवाळसण, नरकचतुर्दशीची पहाट, आणि हा माणूस पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, “खरंच, मला गारच द्या. कढत पाण्याची सवय न्हाई मला.”

सवय नाही हे आम्हाला ठाऊक होतं. मला बघायला आले होते तेव्हा त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या आत्याबाईंनी, पोह्यांची ताटली हातात घ्यायच्या आधीच सांगून टाकलं होतं, “आमचा जयवंत बारा महिने गार पाण्यानं आंघोळ करतोय. थंडीतबी. अंग कसं लोखंडासारखं झालंय बघा.” अण्णांना, माझ्या वडिलांना, ते इतकं भावलं की त्यांनी सबंध गल्लीत सांगितलं. माझा धाकटा भाऊ इंद्रजित मला चिडवायचा, “ताई, तुझी लाकडं वाचली की गं!”

पण दिवाळसणाला आलेल्या जावयाला गार पाण्यानं न्हाऊ घालायचं? आमच्या आईनं तोंड कुठं दाखवलं असतं? इंद्रजितनं पहाटे उठून बंब पेटवला होता. घंगाळात वाफाळतं पाणी काढून त्यानंच आणून ठेवलं.

“दाजी, लाजताय काय? कोमट केलंय,” तो म्हणाला. आमच्या घरचं कोमट म्हणजे हात घातला की पटकन काढावा असं.

पहिला तांब्या बायकोनं घालायचा, असा आमच्याकडचा रिवाज. मी घातला. दुसरा आईनं, तिसरा काकूनं. मग बायकांना चेव आला आणि डोक्यावर तांब्यामागून तांब्या सुरू झाले. त्यानं डोळे मिटले होते. त्याची मान हळूच एका बाजूला वळायला लागली. मला वाटलं, सुखावलाय.

मग तो ओरडला. माणूस दुखल्यावर ओरडतो तसं नव्हतं ते, छातीतली सगळी हवा कुणीतरी पिळून काढल्यासारखं होतं. अंग ताठ झालं, पाटावरून तो दगडावर कोसळला आणि हातपाय झाडायला लागला. तोंडाला फेस, फेसात रक्त. बायका पळाल्या. काकू किंचाळली, “फेफरं! कांदा फोडा, कांदा फोडा!” कुणीतरी चप्पल आणली आणि त्याच्या नाकाशी धरली. कुणी चमचा मागत होतं दातात घालायला.

इंद्रजित तेवढा आत शिरला. न्हाणीच्या कोपऱ्यातल्या धुण्याच्या दगडावर डोकं आपटत होतं, तिथं त्यानं आपली मांडी घातली. झटके थांबल्यावर त्याला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस बोटानं काढला. मी टॉवेल घेऊन नुसती उभी होते. बराच वेळ माझा नवरा घोरत पडला होता. डोळे उघडले तेव्हा त्यानं मला ओळखलं नाही. मग ओळखलं, आणि पहिला शब्द बोलला तो, “हात.”

उजवा हात त्याला पोटाशी धरूनच ठेवावा लागत होता.

निरोप गेला तशा आत्याबाई दुपारच्या आत निपाणीकडून गाडी करून आल्या. त्यांनी मुलाला बघितलं, त्याच्या चावलेल्या जिभेकडे बघितलं, आणि एक प्रश्न विचारला. काय झालं, हे नाही विचारलं. विचारलं, “त्याला धरलं कुणी हुतं?”

“मी,” इंद्रजित म्हणाला.

“मग हात पिरगळलास तूच.”

अण्णा हात जोडून समजावत होते, की जावयांना झटका आला, ते पाटावरून पडले, इंद्रानं उलट सांभाळलं. आत्याबाई ऐकतच नव्हत्या. “आमच्या पोराला झटका? आजवर साधी शिंक आली न्हाई त्याला. पाय घसरला, म्हणून ह्यो अंगावर बसला नि हात मोडला. लग्नात कान पिळला हुता, तवाच मी ओळखलं ह्याचं लक्षण.”

कानपिळीचा तो राग त्यांच्या मनात होता, हे खरं. लग्नात बहिणीला नीट सांभाळ म्हणून भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. इंद्रजितनं जरा जास्तच पिळला होता आणि फोटोत माझ्या नवऱ्याचा एक कान लालभडक आलाय. पण त्यावरून हात पिरगळण्यापर्यंत जाणं म्हणजे कुठल्या कुठं. मी नवऱ्याला विचारलं, “तुम्ही सांगा की. इंद्रानं केलं का काही?”

“मला काय आठवत न्हाई,” तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. झटक्यात कुणालाच काही आठवत नाही, हे मला पुढं कळलं.

मी त्याच्याबरोबर सासरी गेले. त्यांच्या गावच्या डॉक्टरांकडे आत्याबाईंनी मला नेलं नाही. डॉक्टरांनी समोरून एक एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नाही, मुका मार आहे, आठवडाभर शेका, असं सांगितलं. शेकलं. एक हाडवैद्य येऊन चोळून गेला, तेव्हा माझा नवरा गुरासारखा ओरडला. हात वर जाईना, बाहेर वळेना. शर्ट मी घालायचे, भात मी कालवून द्यायचे. आणि आत्याबाईंनी तेवढ्यात पोलिसांत अर्ज देऊन टाकला होता, मेहुण्यानं मारहाण केल्याचा.

हा अर्ज म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं. इंद्रजित पोलिस भरतीत मैदानी आणि लेखी, दोन्हीत पास झाला होता. पहाटे धावून धावून त्यानं पायांची चाळण केली होती. आता चारित्र्य पडताळणी तेवढी राहिली होती. नावावर मारहाणीचा अर्ज म्हणजे सगळं पाण्यात. आत्याबाईंना ते माहीत होतं. अण्णांनीच लग्नात अभिमानानं सांगितलं होतं.

निरोप आला, पोरानं येऊन भावकीसमोर माफी मागावी, मग अर्जाचं बघू.

मी अण्णांना फोन केला, येऊ नका म्हणून. अण्णा म्हणाले, “वैजू, वाकल्यानं माणूस लहान होत न्हाई. पोराची नोकरी ऱ्हाईल.” 

ते आले. सोप्यात सतरंजी टाकली होती. दीर, चुलतसासरे, शेजारचे दोघेतिघे, सगळे पानसुपारी खात बसले होते, जसं काही तमाशा बघायलाच बोलावलंय. माझा नवरा खाटेवर, हात गळ्यात बांधलेला. मी चौकटीत उभी.

“माझी चूक झाली,” इंद्रजित म्हणाला. त्याचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. “माफ करा.”

“असं लांबनं न्हवं,” आत्याबाई म्हणाल्या. “पायावर डोकं ठेव दाजींच्या.”

त्याच्या मांडीवर अजून तो निळाकाळा डाग होता, नवऱ्याचं डोकं आपटलं तिथला. ती मांडी मोडून तो खाली बसला आणि त्यानं माझ्या नवऱ्याच्या पायावर कपाळ टेकवलं. मी नवऱ्याकडे बघत होते. एक शब्द बोलला असता तर झालं असतं. तो आढ्याकडे बघत होता. माझ्या पायापासून डोक्यापर्यंत आग गेली, आणि तरीही मी पाय उचलून पुढं गेले नाही, कारण अर्ज त्यांच्या हातात होता.

“बरं,” आत्याबाई म्हणाल्या. “हाताला उतार पडला की अर्जाचं बघू.”

म्हणजे अर्ज तसाच! डोकं टेकवून घेतलं आणि अर्ज ठेवून घेतला. अण्णांनी टोपी काढून हातात धरली होती, ती पुन्हा डोक्यावर घालायचं त्यांना सुचेना. तसेच उघड्या डोक्यानं ते गाडीत बसले.

त्यानंतर मी नवऱ्याशी कामापुरतं बोलायला लागले. पण हात काही बरा होईना. मीच हट्ट धरला, गडहिंग्लजला हाडांच्या नव्या डॉक्टर आल्यात, त्यांना दाखवू. आत्याबाई लगेच तयार झाल्या, आणि का, ते मला वाटेत कळलं. त्यांना सर्टिफिकेट हवं होतं, हात पिरगळल्याचं. अर्जाला जोडायला.

डॉक्टर पद्मिनी हत्तरकी वयानं माझ्याएवढ्याच वाटत होत्या. त्यांनी आधीचा एक्स-रे खिडकीशी धरून बघितला, बाजूला ठेवला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, “कोपर अंगाशी ठेवा आणि हात बाहेर वळवा. दार उघडल्यासारखा.”

हात वळेना. दाराची कडी लावल्यासारखा पोटाशीच.

त्यांनी बगलेच्या बाजूनं दुसरा एक्स-रे काढायला सांगितला. तो आला तसा आम्हाला आत बोलावलं. “खांदा निखळलाय,” त्या म्हणाल्या, “आणि पाठीमागच्या बाजूला. समोरच्या फोटोत हे सहज फसवतं. इतके दिवस तसाच राहिलाय, आता नुसता ओढून बसणार नाही, ऑपरेशन करावं लागेल.”

“बघा,” आत्याबाई म्हणाल्या, “मी काय म्हणत हुते? मेव्हण्यानं पिरगळला. तुमी तेवढं लिहून द्या.”

“काय लिहून देऊ?”

“हात पिरगळल्यानं निखळला असं.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. “आजी, खांदा पुढच्या बाजूला निखळतो तो पडून, मारून, ओढून. असा मागं निखळलेला मी दोन गोष्टींत जास्त बघितलाय. विजेचा झटका, नाहीतर फिट. फिटमध्ये अंगातले सगळे स्नायू एकदम आवळतात, त्यात मागं खेचणारे जोरकस असतात, ते खांदा मागं ओढून काढतात. बाहेरच्या माणसाची गरजच लागत नाही. यांना फिट आली होती का?”

“छ्या!” आत्याबाई म्हणाल्या. “कधीच न्हाई.”

“आली होती,” मी म्हणाले. “न्हाणीत. माझ्या डोळ्यांदेखत. जीभ चावली होती, तोंडाला फेस आला होता, नंतर घोरत होते.”

“वैजयंता!”

“याआधी कधी?” डॉक्टरांनी थेट माझ्या नवऱ्याला विचारलं. तो आईकडे बघायला लागला. चांगला मिशीवाला माणूस, आणि डॉक्टरांच्या खोलीत आईकडे बघतोय, उत्तर देऊ का म्हणून!

“कधीच न्हाई,” त्याच्या वतीनं आत्याबाई बोलल्या. “लोखंडासारखं अंग हाय त्याचं. बारा महिने गार पाण्यानं…”

त्या मध्येच थांबल्या. आणि त्या थांबल्या, म्हणून मला कळलं.

ते वाक्य मी किती वेळा ऐकलं होतं. पोह्यांच्या वेळी, लग्नात, हळदीला. हळदीनंतर नवरदेवाला न्हाऊ घालायला त्या स्वतः बसल्या होत्या, दुसऱ्या कुणाला तांब्याला हात लावू दिला नव्हता. सासरी गेल्यावर त्याचं पाणी काढायचं काम त्यांनी मला कधी दिलं नाही. मला वाटायचं, किती माया आहे पोरावर.

“आत्याबाई,” मी विचारलं, “यांना गरम पाणी का चालत नाही?”

त्यांनी पदर ओढून घेतला. “सवय न्हाई.”

“नाही, का नाही सवय? तुमच्या घरात सगळे कढत पाण्यानं आंघोळ करतात. दीर करतात, तुम्ही करता. हेच एकटे का नाही?”

डॉक्टर आता खुर्चीत पुढं सरकल्या होत्या. “डोक्यावरून गरम पाणी भराभर ओतलं की काही माणसांना फिट येते,” त्या हळू म्हणाल्या. “मी मेंदूची डॉक्टर नाही, पण आपल्या या सीमाभागात असे पेशंट असतात. लपवण्यासारखं त्यात काही नाही. कोमट पाणी, डोक्यावर तांब्या न ओतता हळूहळू, आणि लागली तर गोळी. लहानपणी न्हाणीत कधी पडले होते का?”

मग माझा नवरा, आढ्याकडे न बघता, पहिल्यांदाच बोलला.

“हुतो. दोनदा पडलो हुतो. आई, आता पुरे की.”

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. मला दया यायला हवी होती. विधवा बाई, एकटीनं दोन पोरं वाढवलेली. पण त्या पदराआडून म्हणाल्या काय, तर, “फिट येणाऱ्याला कोण पोरगी देतंय? तू आली असतीस?”

“मला विचारलं असतं तर सांगितलं असतं!” मी इतक्या मोठ्यानं ओरडले की बाहेरचा कंपाउंडर आत डोकावला. “कोमट पाणी, एवढंच होतं ना? कोमट पाणी! तेवढ्यासाठी माझ्या भावाला पायावर डोकं टेकवायला लावलंत? त्यानं तुमच्या पोराचं डोकं मांडीवर झेललं, आणि तुम्ही त्याच्या नोकरीवर उठलात? पहिल्याच डॉक्टरला फिट म्हणून सांगितलं असतं तर त्यांनी नीट बघितलं असतं. तुमच्याच पोराचा हात आहे हा. त्याची तरी कीव करायची!”

अर्ज दुसऱ्या दिवशी मागं घेतला गेला. डॉक्टरांनी लिहून दिलं, पण आत्याबाईंना हवं होतं ते नाही.

ऑपरेशननंतर दवाखान्यात आम्ही दोघंच होतो. मी मोसंबी सोलत होते. तो म्हणाला, “आईनं शपथ घातली हुती.”

“कसली?”

“लग्न होईस्तवर कुणाला सांगायचं न्हाई म्हणून.”

“आणि लग्न झाल्यावर?”

त्यानं डाव्या हातानं पांघरूण वर ओढलं.

“इंद्रा पायाशी वाकला तेव्हा आपलं लग्न होऊन किती महिने झाले होते?”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही. मोसंबीच्या फोडी ताटलीत ठेवल्या, त्याच्या डाव्या हाताशी सरकवल्या आणि सांगितलं, “उद्या टाके काढले की मी माहेरी जाणार. मला न्यायला यायचं असेल तर आधी एक करायचं. त्याच सोप्यात, त्याच लोकांसमोर, तुम्ही इंद्राच्या पाया पडायचं.”

तो दचकला. आमच्याकडे जावई म्हणजे देवासारखा. त्यानं मेहुण्याच्या, तोही बायकोच्या धाकट्या भावाच्या, पाया पडायचं हे कुणी ऐकलेलं नाही. “वैजू, लोक हसतील.”

“इंद्राला हसले होते तेच हसतील. त्यांना सवय आहे.”

तो आला नाही. बरेच महिने आला नाही. आत्याबाईंनी निरोपामागून निरोप पाठवले, अण्णाही मला समजवायला लागले, आई रडायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, कुठं एवढं ताणायचं. मी म्हणायचे, मी कुठं ताणतेय, खांदा त्याचाच ताणलाय. इंद्रजितला नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा आम्ही पेढे वाटले, आणि मी एक पुडा मुद्दाम निपाणीकडे पाठवला.

पेढे पोचल्यावर आठवड्याच्या आत तिकडून गाडी आली, आम्हाला सगळ्यांना न्यायला.

सोप्यात तीच सतरंजी होती. तेच दीर, तेच चुलतसासरे, तेच शेजारी. पानसुपारी मात्र कुणी खात नव्हतं. आत्याबाई आतल्या दाराशी, मी उभी होते त्याच चौकटीत उभ्या होत्या. माझ्या नवऱ्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, लहानपणापासून त्याला गरम पाण्यानं फिट येते, खांदा फिटनं निखळला, आणि इंद्रजितनं त्या दिवशी त्याचं डोकं वाचवलं.

मग तो वाकला. उजवा हात तेव्हाही पुरता सरळ होत नव्हता, आजही होत नाही, दोरीवर कपडे वाळत घालायचे झाले तर मीच घालते. त्यानं डावा हात पुढं केला.

इंद्रजित कासावीस झाला. “दाजी, नको,” म्हणत तो मागं सरकायला लागला.

“इंद्या,” मी म्हणाले, “पाय मागं घेतलास तर माझ्याशी गाठ आहे.”